जयनगर : एका परिचयाचा इतिहास

१

पेशवेकालीन पत्रांतून ज्या शहराचा उल्लेख ‘जयनगर’ असा येतो ते शहर म्हणजे आजचे जयपूर होय. मराठी वाचकाला हे नाव भेटते ते बहुधा चौथाई, नजराणा, फौजांचे मुक्काम आणि तहांची बोलणी यांच्या संदर्भात. त्याच शहराचे दुसरे नाव मराठी कानांना सर्वस्वी निराळ्या कारणाने परिचित आहे. ‘जयपूर घराणे’ असे म्हटले की कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि गोमंतक येथील रसिकांच्या मनात अल्लादियाखाँसाहेब, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर ही नावे उभी राहतात. राजस्थानातील एखादे शहर क्वचितच उभे राहते. शहर एकच, नावे दोन आणि स्मृतीही दोन. या दोन स्मृतींची परस्परांशी गाठ घालून देण्याचे कष्ट आपण फारसे घेतलेले नाहीत.

यात तिसरी भर पडली आहे ती प्रवाशांसाठी लिहिल्या जाणाऱ्या वर्णनांची. गुलाबी रंगाचे शहर, हवामहालाच्या खिडक्या, आमेरच्या किल्ल्याची चढण, लाखेच्या बांगड्या, सांगानेरचे छाप, तीज आणि गणगौर यांच्या मिरवणुकी असा या वर्णनांचा ठराविक क्रम असतो. त्यांतील एकही गोष्ट खोटी नाही. परंतु प्रदेशाचा परिचय म्हणजे प्रेक्षणीय वस्तूंची यादी, अशी जी समजूत त्यामुळे रूढ होते, ती मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. परिचय ही दोन पक्षांमधील गोष्ट आहे. ज्याचा परिचय करून द्यावयाचा तो प्रदेश आणि ज्याला करून द्यावयाचा तो वाचक, यांच्यात आधीपासून काही देणेघेणे असेल तर त्याचा हिशेब वगळून केलेला परिचय अपुराच राहणार. मराठी वाचक जयपुरात अगदी नवखा म्हणून प्रवेश करू शकत नाही. त्याच्या आधी त्याचे पूर्वज तेथे जाऊन आलेले आहेत. कोणी पोथी घेऊन, कोणी पदे घेऊन, कोणी तलवार घेऊन. प्रस्तुत लेखात या येण्याजाण्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

प्रथम शहराविषयी. सवाई जयसिंह याने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी आमेरच्या दक्षिणेस सपाट भूमीवर नव्या राजधानीचा पाया घातला. आखणीच्या कामात विद्याधर भट्टाचार्य या बंगाली अधिकाऱ्याचा हात प्रमुख होता. डोंगरी किल्ल्याच्या आश्रयाने राहणाऱ्या राजकुलाने मैदानात उतरून, काटकोनात छेदणारे शंभर फुटांहून अधिक रुंद असे राजमार्ग काढून व्यापाऱ्यांना वसतीसाठी बोलवावे, ही त्या काळी सामान्य घटना नव्हे. राजमार्ग जेथे मिळतात त्या चौकांना ‘चौपड’ म्हणतात. मार्गांनी वेढलेल्या एकेका भागाला ‘चौकडी’ असे नाव आहे. आतल्या गल्ल्यांना ‘रास्ता’ म्हणतात आणि पुष्कळ रस्ते तेथील धंद्याच्या नावाने ओळखले जातात. मनिहारांच्या रस्त्यात लाखेच्या बांगड्या घडतात, ठठेऱ्यांच्या रस्त्यात तांब्यापितळेची भांडी ठोकली जातात, खजानेवाल्यांच्या रस्त्यात संगमरवराच्या मूर्ती कोरल्या जातात. आपल्याकडे कासार आळी, तांबट आळी, बुरूड आळी आहेत. त्या बहुतांशी सोयीने वसत गेल्या. जयपुरात मात्र राज्यकर्त्याने आखून दिलेल्या चौकटीत धंद्यांनी जागा घेतली आणि ती चौकट जवळजवळ तीनशे वर्षे टिकली, हे तेथील वैशिष्ट्य.

दरबारच्या कारभारात ‘छत्तीस कारखाने’ होते. हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. शिवकालीन ‘अठरा कारखाने आणि बारा महाल’ त्याच्या परिचयाचे आहेत. दोन्हीकडचा शब्द मोगली कारभारातून आला आहे आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ राजघराण्याचे एकेक खाते असा आहे. जयपुरात ग्रंथांसाठी पोथीखाना, चित्रांसाठी सुरतखाना आणि गायक, वादक, नर्तक यांच्यासाठी गुणीजनखाना होता. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ज्या रंगामुळे शहर जगप्रसिद्ध झाले त्याची कथा मात्र बरीच अलीकडची आहे. इंग्लंडचा युवराज १८७६ मध्ये येणार म्हणून सवाई रामसिंहाच्या काळात शहर एका रंगात रंगविले गेले, अशी परंपरा आहे. त्याच भेटीत, ६ फेब्रुवारी १८७६ रोजी, ज्या इमारतीची कोनशिला बसली तो अल्बर्ट हॉल १८८७ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. याचा अर्थ असा की, ‘गुलाबी शहर’ ही जयपूरची ओळखही एका पाहुण्यास दाखविण्यासाठी सिद्ध झालेली आहे. यात कमीपणा काही नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर सारवले जातेच. परंतु सारवण म्हणजे घर नव्हे. युनेस्कोने २०१० मध्ये येथील वेधशाळेचा आणि २०१९ मध्ये तटबंदीतील शहराचा जागतिक वारशात समावेश केला. त्यामागे या रंगाहून जुनी आणि खोल कारणे आहेत. नगररचनेत आणि वेधशाळेत मिळून एक बौद्धिक महत्त्वाकांक्षा व्यक्त झाली आहे, आणि त्या महत्त्वाकांक्षेत दक्षिणेकडून आलेल्या माणसांचाही वाटा आहे.

३

जयपूरच्या संस्थापकाचे कोवळे वय सह्याद्रीत गेले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमेत तेरा-चौदा वर्षांचा जयसिंह खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या, वेढ्यात होता. हा गड १७०२ मध्ये मोगलांच्या हाती गेला. ‘सवाई’ या किताबाची प्रसिद्ध आख्यायिका अशी की, हा मुलगा आपल्या पूर्वजाहून, मिर्झाराजे जयसिंहाहून, सव्वापट आहे असे बादशहा म्हणाला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील तुलना ज्या मिर्झाराजांशी केली आहे त्यांना महाराष्ट्रात ओळख नको. १६६५ चा पुरंदरचा तह, तेवीस किल्ले देणे, आग्र्याची कैद आणि रामसिंहाने घेतलेली जामीनकी हे सर्व आपल्या शालेय इतिहासाचे भाग आहेत. आग्र्याच्या प्रसंगाविषयी आमेरच्या माणसांनी आपल्या बोलीत लिहिलेली समकालीन पत्रे जयपूरच्या दप्तरात सापडली. जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी ती प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचे दरबारातील वर्तन आणि त्यांचा करारीपणा यांची प्रत्यक्षदर्शी मंडळींवर पडलेली छाप या पत्रांतून कळते. म्हणजे आपल्या इतिहासातील एका तेजस्वी प्रकरणाची साक्ष ज्याला आपण शत्रुपक्ष म्हणतो त्याच्याच दप्तराने जपली.

याच मिर्झाराजांच्या आश्रयाला बिहारी हा कवी होता आणि सातशेहून थोड्या अधिक दोह्यांची त्याची ‘सतसई’ आमेरच्या दरबारात सिद्ध झाली, ही माहिती मात्र सामान्य मराठी वाचकाला नसते. पुरंदरास मोर्चे लावणारा सेनापती आणि व्रजभाषेतील अत्यंत नाजूक शृंगारकाव्याचा पोशिंदा ही एकच व्यक्ती होती. शिवरायांचे यश गाणाऱ्या भूषणाची भाषाही हीच व्रजभाषा. एकाच भाषेच्या दोन कवींनी एकाच संघर्षाच्या दोन बाजूंस आश्रय घेतला होता. सांस्कृतिक इतिहास लिहिताना राजकीय शत्रुत्वाची रेषा वाङ्मयावर तशीच ओढता येत नाही, याचे हे पहिले उदाहरण.

सवाई जयसिंहाच्या विद्वत्सभेतील दोन नावे येथे विशेष सांगितली पाहिजेत. पहिले रत्नाकर पौंडरीक याचे. हा महाराष्ट्रीय ब्राह्मण राजाचा गुरू होता. व्रते व सणवार यांचा कालनिर्णय सांगणारा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा ग्रंथ त्याने १७१३ मध्ये रचला. जयपुरातील ब्रह्मपुरी या वस्तीत ‘पुंडरीकजींची हवेली’ आजही दाखवितात. तिच्या दालनातील भिंतींवर राजसभेची आणि उत्सवांची चित्रे आहेत. हवामहालासमोर उभे राहून छायाचित्रे घेणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी किती जण या हवेलीपर्यंत जातात, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

दुसरे नाव जगन्नाथ सम्राट याचे. परंपरा त्यालाही दक्षिणेतून आलेला महाराष्ट्रीय मानते. त्याला राजाने दक्षिणेतून कधी व कसा आणला याविषयीच्या कथांत मिर्झाराजे आणि सवाई जयसिंह यांचा घोटाळा झालेला आहे, यास्तव त्या कथांवर फार भिस्त ठेवू नये. त्याचे कार्य मात्र निर्विवाद आहे. अरबी शिकून त्याने नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ‘सम्राट्सिद्धान्त’ या नावाने संस्कृतात आणला. जंतरमंतर म्हणून प्रसिद्ध असलेल्या वेधशाळेतील सुमारे नव्वद फूट उंचीचे सम्राटयंत्र पाहताना प्रवासी थक्क होतो. त्याच्या कड्यावर सूर्याची सावली दोन-दोन सेकंदांच्या हिशेबाने वाचता येते असे त्याला सांगितले जाते. परंतु दगडी यंत्र उभारण्यापूर्वी कोणीतरी ग्रीक विचार अरबीतून संस्कृतात उतरविण्याची शिकस्त केली होती, हे त्याला सहसा सांगितले जात नाही.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा असल्यामुळे जगन्नाथाविषयी त्यास विशेष आपुलकी वाटते, हे मान्य केले पाहिजे. युक्लिडच्या व्याख्यांना संस्कृत प्रतिशब्द देताना या माणसापुढे कोणती अडचण आली असेल याची कल्पना भाषांतरकारालाच येऊ शकते. ज्या शास्त्रात सिद्धता देण्याची रीतच निराळी, ते शास्त्र नव्या भाषेत नुसते शब्द बदलून येत नाही. विचार करण्याची रीतही सोबत आणावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ‘रेखागणित’ छापले गेले. त्याआधी, १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी जयसिंहाच्या वेधकार्याची दखल मराठीत घेतली होती. जयपूरचा खरा मराठी परिचय करून देणाऱ्यांत दीक्षितांचे नाव अग्रभागी असावयास हवे.

याहूनही जुना एक धागा संतवाङ्मयाचा आहे. दादूदयाल (१५४४–१६०३) काही वर्षे आमेरास राहिला आणि त्याच्या पंथाचे मुख्य पीठ जयपूरच्या पश्चिमेस नरैणा येथे झाले. दादूपंथीयांनी संतवाणीचे जे हस्तलिखित संग्रह केले त्यांपैकी ‘पंचवाणी’ या संग्रहात दादू, कबीर, रैदास आणि हरदास यांच्यासह पाचवा संत आहे तो नामदेव. शिखांच्या ग्रंथसाहेबातील नामदेवाची एकसष्ट पदे आपल्याला ठाऊक असतात. पण राजस्थानातील मठांत सतराव्या शतकापासून त्याची हिंदी पदे उतरून घेतली जात होती, ही गोष्ट आपण क्वचितच बोलतो. याच हस्तलिखितांचा आधार घेऊन विनांद कॅलवार्ट आणि जयपूरचे विद्वान मुकुंद लाठ यांनी नामदेवाच्या हिंदी पदांची संशोधित आवृत्ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. मराठी फौजा जयपुरात पोचण्याच्या पुष्कळ आधी पंढरीचा शिंपी तेथे पोचला होता, आणि त्याला कोणी परका मानले नाही.

४

आता ज्या प्रकरणाविषयी मराठी परिचयलेखन बहुधा मौन पाळते त्याकडे वळले पाहिजे.

आरंभी मराठे आणि सवाई जयसिंह यांचे संबंध केवळ वैराचे नव्हते. बाजीरावाची आई राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या तीर्थयात्रेस गेली असता जयपुरात तिचा आदराने सत्कार झाला. पुढील वर्षी बाजीराव आणि जयसिंह यांची किशनगडजवळ भेट झाली. माळव्याचा प्रश्न सामोपचाराने मिटविण्यात जयसिंहाचा पुढाकार होता. सप्टेंबर १७४३ मध्ये तो वारला आणि गादीचा कलह सुरू झाला. थोरला ईश्वरीसिंह गादीवर बसला. धाकटा माधोसिंह मेवाडच्या राजकन्येचा पुत्र असल्याने त्याच्या मागे उदेपूर उभे राहिले. दोन्ही पक्षांनी मराठ्यांचे साहाय्य पैसे देऊन मिळविण्याचा प्रयत्न केला आणि मराठ्यांनी दोन्ही पक्षांस ऐकून घेतले. शिंदे ईश्वरीसिंहाकडे झुकलेले, होळकर माधोसिंहाकडे, आणि पुण्यास नजराण्याच्या आकड्यांचा विचार, अशी ही स्थिती होती. ज्या वडिलांशी स्नेह जोडला त्यांच्या घरातील भाऊबंदकी मिटविण्याऐवजी ती आपण उत्पन्नाची बाब केली, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

मार्च १७४७ मध्ये राजमहाल येथे ईश्वरीसिंहाने मेवाड आणि त्याच्या साथीदारांवर विजय मिळविला. त्याचे स्मारक म्हणून त्रिपोलिया बाजाराजवळ त्याने सात मजल्यांचा मनोरा बांधला. लोक त्याला ‘ईसरलाट’ किंवा ‘सरगासूली’ म्हणतात. परंतु ऑगस्ट १७४८ मध्ये बगरू येथे मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरला आणि ईश्वरीसिंहाला नमते घ्यावे लागले. कबूल केलेल्या रकमा थकल्या. डिसेंबर १७५० मध्ये मल्हाररावाची फौज वसुलीसाठी जयपूरकडे निघाली. खजिना रिकामा, कर्तबगार दिवाण आधीच विषप्रयोगाला बळी पडलेला, सरदार उदासीन. अशा स्थितीत ईश्वरीसिंहाने विष घेऊन आणि सर्पदंश करवून घेऊन प्राण दिला. त्याच्या राण्यांनीही त्याच्या मागोमाग विष घेतले. जयपूरच्या राजांच्या छत्र्या शहराबाहेर गैटोर येथे आहेत. ईश्वरीसिंहाची तेवढी शहरात, राजवाड्याच्या आवारालगत आहे.

माधोसिंह गादीवर आला. जानेवारी १७५१ च्या आरंभी जयाप्पा शिंद्याची फौजही येऊन मिळाली आणि मागण्या वाढल्या. शहरात आतल्या आत संताप धुमसत होता. छावणीतील मराठ्यांना त्याची जाणीव नव्हती. १० जानेवारी १७५१ रोजी काही हजार मराठे शहरात शिरले. हे शिरणे हल्ल्यासाठी नव्हते. सवाई जयसिंहाने वसविलेल्या नव्या नगराची कीर्ती त्यांनी ऐकलेली होती. देवळे, रुंद बाजार आणि इमारती पाहाव्यात, थोडी खरेदी करावी, एवढाच बहुतेकांचा हेतू होता. दुपारी वेशीचे दरवाजे लागले आणि शहर त्यांच्यावर उठले. कापाकापी रात्रीपर्यंत चालली. तटावरून उड्या टाकून पळताना कित्येकांचे हातपाय मोडले. मृतांचा आकडा निरनिराळा दिला जातो. पण तो हजारांत होता याविषयी दुमत नाही. नंतर माधोसिंहाने दिलगिरीचे निरोप पाठविले, रकमेची बोलणी झाली आणि मराठी फौजा सफदरजंगाच्या मदतीसाठी अंतर्वेदीकडे निघून गेल्या. राजकारण पूर्ववत सुरू राहिले. मने मात्र पूर्ववत झाली नाहीत. दहा वर्षांनी, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतावर मराठे उभे राहिले तेव्हा जयपूर अलिप्त होते.

या हत्याकांडाचा प्रथम उल्लेख वाचताना मराठी मनात जो क्षोभ उठतो तो स्वाभाविक आहे. मारले गेले त्यांत लढवय्यांबरोबर साधे शिपाई आणि बाजारबुणगेही असणार. परंतु या क्षोभाला पुढचा प्रश्न टाळता येत नाही. जे शहर नुकतेच आपल्या राजाच्या आत्मघाताने हादरले होते, ज्याच्या वेशीबाहेर त्या आत्मघाताला कारण झालेली फौज तळ देऊन बसली होती, त्या शहरात त्याच फौजेतील माणसे प्रेक्षक म्हणून हिंडत होती. त्यांच्या दृष्टीने ते कौतुकाने पाहावयाचे नगर होते. नगरवासीयांच्या दृष्टीने ते सुतकातले घर होते. या अर्थाने जयपूर पाहावयास गेलेले ते आपले पहिले प्रवासी होत. जिज्ञासा निष्पाप असली तरी ती कोणत्या वाटेने आली याला यजमानाच्या लेखी महत्त्व असते, एवढा धडा त्या दिवसापासून घेता येतो.

हा इतिहास मराठीत लपविला गेला आहे असे नाही. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील कागद उजेडात आणले आणि राजपुतान्यातील मराठी धोरणाच्या चुका स्पष्टपणे दाखविल्या. उणीव आहे ती इतिहासग्रंथांतील या जाणिवेने आपल्या साहित्यात आणि प्रवासवर्णनांत प्रवेश न केल्याची. उलट बाजूसही एक उणीव आहे. ईसरलाटेखाली उभ्या असलेल्या परक्या माणसाला जी कथा ऐकविली जाते ती राजमहालच्या विजयाची नसते, विषाच्या पेल्याचीही नसते. राजाला सेनापतीच्या सुंदर मुलीचे दर्शन घडावे म्हणून हा मनोरा बांधला, ही गोष्ट त्याला सांगितली जाते. दोन्ही पक्षांनी दुःखावर आपापल्या परीने पडदा टाकला आहे.

परक्यांना राजस्थानची ओळख करून देणारा सर्वांत प्रभावी लेखक म्हणजे कर्नल जेम्स टॉड. त्याच्या ग्रंथाचे दोन खंड १८२९ आणि १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रजपूत शूर व उदात्त आणि मराठे लुटारू, अशी विभागणी आहे. १८१८ च्या तहांनी राजस्थानची राज्ये इंग्रजांच्या छत्राखाली आली. ते छत्र आवश्यक होते हे पटविण्यास ही विभागणी सोयीची होती. टॉडचा पक्षपात उघड आहे. तथापि त्याला उत्तर म्हणून आपले अपराध नाकारणे हे इतिहासलेखन नव्हे. मराठीतील एका शब्दानेही हाच विचार करावयास लावावे. ‘रांगडा’ हा शब्द आज आपण राकट पण दिलदार माणसाला कौतुकाने लावतो; मराठी कागदपत्रांत मात्र ‘रांगडे’ म्हणून रजपुतांचा निर्देश होत असे, आणि त्यात कौतुकापेक्षा तुच्छताच अधिक असे. शब्दाचा डंख गेला आणि मूळ विस्मरणात गेले. भाषा कित्येकदा अशा रीतीने आपल्या बोलणाऱ्यांना क्षमा करून टाकते.

५

माधोसिंहाचा पुत्र सवाई प्रतापसिंह १७७८ ते १८०३ या काळात गादीवर होता. १७९९ मध्ये हवामहाल त्याने बांधविला. मराठ्यांशी त्याचे आयुष्यभर युद्ध चालू होते. जुलै १७८७ मध्ये तुंगा येथे महादजी शिंद्याला त्याने व जोधपूरकरांनी माघार घ्यावयास लावले. जून १७९० मध्ये पाटण येथे महादजीच्या कवायती पलटणींनी त्या दोघांचा पराभव केला. १८०० मध्ये मालपुऱ्यास लखबादादाने पुन्हा जयपूरची फौज मोडली. एवढे वाचल्यावर हा राजा रणांगणातच राहत असेल असे वाटते. पण तो ‘ब्रजनिधि’ या नावाने कृष्णभक्तीची कविता करीत होता. त्याच्या आश्रयाने गुणीजनांचा मेळावा भरवून ‘राधागोविंद संगीतसार’ हा संगीतविषयक विस्तृत ग्रंथ व्रजभाषेत सिद्ध झाला. बिलावल हा शुद्ध स्वरांचा मेळ मानण्याच्या दृष्टीने संगीताच्या इतिहासात या ग्रंथाला महत्त्व दिले जाते.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. हा ग्रंथ छापला गेला तो जयपुरात नव्हे, तर पुण्यात. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पूना गायन समाजाने १९१० ते १९१२ या काळात तो प्रसिद्ध केला. ज्या पुण्याच्या सरदारांनी प्रतापसिंहाला आयुष्यभर स्वस्थता लाभू दिली नाही, त्याच पुण्याने शंभर वर्षांनंतर त्याच्या ग्रंथाची मुद्रिते तपासली. यात प्रायश्चित्ताची भावना होती असे म्हणण्यास आधार नाही. विद्येची ओढ होती, आणि तेवढी पुरेशी आहे. बिलावल थाटाला पायाभूत मानणाऱ्या विष्णु नारायण भातखंडे यांनीही जयपूरच्या मुहम्मद अली खाँ यांच्या घराण्यातून चिजांचा मोठा संग्रह मिळविला होता.

याच काळातील पद्माकर हा कवी या दोन सत्तांमधून सहज वावरताना दिसतो. सागरचे मराठी राज्यकर्ते, जयपूरचे प्रतापसिंह व जगतसिंह, ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे हे सर्व त्याचे आश्रयदाते. जयपुरात त्याने ‘जगद्विनोद’ लिहिला, शिंद्यांसाठी ‘आलीजाहप्रकाश’ लिहिला. कवीला पोटासाठी दरबार बदलावे लागत, हे खरे. परंतु दोन्ही दरबारांत त्याची भाषा समजत होती आणि तिला दाद देणारे लोक होते, हेही तितकेच खरे आहे. ग्वाल्हेरच्या मराठी दरबाराची रसिकता व्रजभाषेवर पोसली होती, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तळटीपेपुरतीच उरली आहे.

६

आता गुणीजनखान्याकडे परत यावयाचे. सवाई रामसिंहाच्या काळात (१८३५–१८८०) या खात्यात बहराम खाँ यांच्यासारखे धृपदिये, रजब अली खाँ यांच्यासारखे बीनकार आणि मुबारक अली खाँ यांच्यासारखे ख्यालिये होते. जयपूर संस्थानातील उणियारा या ठिकाणी १८५५ मध्ये अल्लादियाखाँचा जन्म झाला. घराणे मूळचे अलिगडजवळच्या अत्रौलीचे. चुलते जहांगीर खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली, आणि मुबारक अलींच्या वक्र, गुंतागुंतीच्या तानांचा संस्कार त्यांनी जयपुरात घेतला. पुढे अतिश्रमाने त्यांचा आवाज बिघडला. त्या बिघडलेल्या आवाजाशी झगडताना त्यांनी आपली गायकी नव्याने घडविली. १८९५ मध्ये ते कोल्हापुरास आले, शाहू छत्रपतींच्या आश्रयास राहिले आणि छत्रपतींच्या निधनानंतर (१९२२) मुंबईस गेले. १९४६ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या वाटेने एके काळी मराठी फौजा उत्तरेस गेल्या, त्याच वाटेने उलट दिशेने ही विद्या आली. तिने वसुली केली नाही, दिले मात्र पुष्कळ. भास्करबुवा बखले यांनी ती आत्मसात केली आणि तिचा संस्कार नाट्यसंगीतापर्यंत पोचविला. केरीच्या केसरबाईंनी आणि कुर्डीच्या मोगूबाईंनी ती आपल्या कंठात मुरविली. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या पुत्रांच्या द्वारे ती मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या रूपाने कर्नाटकात गेली. गोविंदराव टेंबे यांनी अल्लादियाखाँचे चरित्र मराठीत लिहिले. या गायकीला ‘जयपूर’ हे नाव चिकटले खरे; पण ती वाढली, ऐकली गेली आणि चर्चिली गेली ती महाराष्ट्रात आणि गोमंतकात. स्वतः जयपुरात मात्र हे नाव ऐकून श्रोता कथ्थकाच्या जयपूर घराण्याची किंवा डागरांच्या धृपदाची आठवण आधी काढील. आपल्या घरात रोज उच्चारले जाणारे एक गावाचे नाव त्या गावी वेगळ्याच अर्थाने उच्चारले जाते. अशा ठिकाणी आपले नाते आपणहून सांगावे लागते.

७

येथवर आलेल्या उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येईल. जयपूर आणि महाराष्ट्र यांच्यात तीन प्रकारचे संबंध होते: विद्येचे, सत्तेचे आणि कलेचे. सत्तेच्या संबंधाचा काळ सर्वांत थोडा, पण त्याचा आवाज सर्वांत मोठा असल्याने उरलेले दोन झाकले गेले. तथापि त्यावर उपाय म्हणून मधला संबंध पुसून टाकावा आणि नामदेव ते अल्लादियाखाँ अशी गोड साखळी जोडावी, हा मार्ग प्रस्तुत लेखकास मान्य नाही. ती साखळी खोटी ठरेल, कारण ती माणसे ज्या वाटांनी गेली त्याच वाटांवर ईश्वरीसिंहाची छत्री आणि १७५१ ची १० जानेवारी उभी आहे. ज्याने हे दोन्ही पाहिले त्यालाच ‘संगीतसार’ पुण्यात छापला गेला या घटनेचे मोल कळेल. अन्यथा ती ग्रंथसूचीतील एक नोंद ठरते.

भाषांतरकाराला आपल्या कामात एक गोष्ट वारंवार अनुभवास येते. मूळ कृतीतील जो शब्द आपल्या भाषेत सहज येत नाही तो गाळण्याचा मोह होतो, आणि तो गाळला की भाषांतर गुळगुळीत होते, वाचकही खूष होतो. परंतु बहुतेक वेळा त्या अडणाऱ्या शब्दातच त्या लोकांचे जीवन साठविलेले असते. प्रदेशाच्या परिचयाचेही तसेच आहे. जयपूरच्या परिचयात मराठी वाचकाला अडणारी जागा म्हणजे तो स्वतः होय. ती जागा गाळून लिहिलेले वर्णन कितीही रंगतदार असले तरी ते दुसऱ्या कोणासाठी लिहिलेले आहे असेच म्हणावे लागेल.

म्हणून जयपुरास जाणाऱ्या मराठी जिज्ञासूने हवामहाल अवश्य पाहावा, आणि तो बांधविणारा राजा आपल्या पूर्वजांशी लढत असताना संगीताचा ग्रंथ सिद्ध करवीत होता हे स्मरावे. वेधशाळेत गेल्यावर अरबीतून संस्कृतात ओळ न् ओळ उतरविणाऱ्या जगन्नाथाला आठवावे. ब्रह्मपुरीत जाऊन पुंडरीकजींच्या हवेलीची चौकशी करावी. आणि परतताना ईश्वरीसिंहाच्या छत्रीपाशी क्षणभर थांबावे. तेथे प्रवाशांची गर्दी नसते. १७५१ साली आपली माणसे या शहरात आली तेव्हा तिकडे वळण्याचे त्यांना सुचले नव्हते.